फक्त पान बदलायचं आहे

खुले पत्र: औषधी वनस्पतींच्या मलमांवरील संशोधनाचे मार्गदर्शक, परीक्षक, प्राणिप्रयोगांच्या नैतिक समित्यांचे सदस्य आणि शोधनियतकालिकांचे संपादक यांस

सन्माननीय मंडळी,

सादर नमस्कार.

मागच्या आठवड्यात एका विद्यार्थिनीचा फोन आला. मी ज्या विभागात औषधनिर्माणशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेतली, तिथेच ती आता शिकते. म्हणाली, "ताई, तुमच्या क्रीमचा फॉर्म्युला मिळेल का? बाकी सगळं तेच ठेवायचंय. फक्त पान बदलायचं आहे." जखम भरणारं हर्बल क्रीम, हा विषय मंजूर झाला होता. पांढऱ्या उंदरांची मागणीही गेली होती. पान कोणतं, एवढंच ठरायचं राहिलं होतं.

मला हसू आलं नाही. बारा वर्षांपूर्वी मीही माझ्या आधीच्या विद्यार्थ्याचा फॉर्म्युला असाच मागून घेतला होता आणि पान बदललं होतं. प्रबंधाची पानंही बरीचशी त्याचीच होती. तिच्या विषयाला तुम्ही दिलेली मंजुरी वाचली आणि आता गप्प बसणं बरं नाही असं वाटलं, म्हणून हे पत्र.

मी काय केलं ते आधी सांगते, म्हणजे मी बाहेरून दगड मारतेय असं वाटणार नाही. पानं सावलीत वाळवली, भरड केली, सोक्सलेट या अर्क काढायच्या काचेच्या उपकरणात इथेनॉलनं अर्क काढला, वॉटर बाथवर आटवला. हाती आला काळपट हिरवा, चिकट गोळा. स्टिअरिक आम्ल, सिटिल अल्कोहोल, ट्रायइथेनॉलअमाइन आणि मिथाइल पॅराबेन हे परिरक्षक वापरून बेस, म्हणजे औषधाशिवायचं नुसतं क्रीम, केला. त्यात अर्क ५ टक्के आणि १० टक्के घातला. पीएच पाहिला, दोन काचपट्ट्यांमध्ये दाबून क्रीम किती पसरतं ते मोजलं, बोटावर घेऊन 'गुळगुळीत' अशी नोंद केली. मग २४ उंदीर, सहा-सहाचे चार गट, पाठीवर गोल जखमा आणि दर चार दिवसांनी ट्रेसिंग पेपरवर जखमेचा आकार. शेवटचं वाक्य तुम्हाला पाठ असेल: सदर क्रीम जखम भरून येण्यासाठी आश्वासक असून पुढील संशोधनाची गरज आहे.

ते पुढील संशोधन कुणीही केलं नाही. मीही नाही.

आज मी एका रुग्णालयाच्या औषध विभागात काम करते. ड्रेसिंगचं सामान माझ्या खिडकीतून जातं, त्यामुळे महिनोन्‌महिने न भरणाऱ्या जखमांची माणसं मला चेहऱ्यानं ओळखीची झाली आहेत. त्यात एकदा माझी आईही होती. मधुमेह, टाचेला जखम, सात महिने. एका संध्याकाळी तिनं अगदी सहज विचारलं, "तू मलम केलं होतंस ना जखमेचं? त्यावर तर तुला डिग्री मिळाली. ते लाव की." मी विषय बदलला. जे मलम आईच्या टाचेला लावायची माझी हिंमत नव्हती, त्याला मी छापील अक्षरात 'आश्वासक' म्हटलं होतं.

हिंमत का नव्हती, याला एक बरणी कारण आहे. प्रबंध सादर झाल्यावर १० टक्क्यांच्या क्रीमच्या दोन बरण्या माझ्या कपाटात राहिल्या होत्या. चौथ्या महिन्यात एक उघडली. वर पाणी सुटलं होतं, हिरवा रंग जाऊन चिखलासारखा तपकिरी झाला होता आणि झाकणाच्या आत पांढऱ्या बुरशीचा ठिपका होता. प्रबंधात लिहिलं होतं, 'स्थिरता: ३० दिवस, कोणताही बदल नाही.' त्यात खोटं काही नव्हतं. तिसाव्या दिवशी खरंच बदल नव्हता आणि एकतिसाव्या दिवसापासून आम्ही बघणं थांबवलं होतं.

आता माझ्या तक्रारी.

सगळ्यात मोठी तक्रार उंदराबद्दल आहे, म्हणजे उंदराकडून आपण जे वदवून घेतो त्याबद्दल. उंदराची कातडी सैल असते आणि तिच्याखाली पॅनिक्युलस कार्नोसस नावाचा स्नायूचा पातळ थर असतो. जखम झाली की कडा आत ओढल्या जातात, नाडी ओढून पिशवीचं तोंड बंद करावं तशा. माणसाच्या अंगावर हा थर जवळजवळ नाहीच. आपली उघडी जखम भरते ती मुख्यतः तळातून नवं मांस येऊन आणि कडांवरून त्वचेच्या पेशी सरकत जाऊन. आणि आम्ही मोजतो काय? 'आकुंचनाची टक्केवारी'. माणसात जे फारसं घडत नाही, नेमकं तेच आलेखावर काढतो आणि खाली माणसाबद्दलचा निष्कर्ष लिहितो. माझ्या प्रयोगात एकविसाव्या दिवशी चारही गटांतल्या जखमा बंद होत्या, ज्यांना काहीच लावलं नव्हतं त्यांच्यासुद्धा. फरक दिसला होता आठव्या दिवशी. प्रबंधात रंगीत फोटो आठव्या दिवसाचे आहेत.

यावर उपाय नाही असंही नाही. जखमेभोवती सिलिकॉनची कडी शिवून आकुंचन रोखायची पद्धत २००४ सालीच प्रसिद्ध झाली आहे. २००१ मधल्या एका आढाव्यात जखमांवरच्या उपचारांचे प्राण्यांमधले निष्कर्ष माणसांतल्या निष्कर्षांशी ताडून पाहिले होते. डुकरांवरचे प्रयोग ७८ टक्के वेळा जुळले, छोट्या सस्तन प्राण्यांवरचे ५३ टक्के. ५३ टक्के म्हणजे नाणं उडवण्यापेक्षा किंचित बरं. त्यातही आपला उंदीर तरुण आणि धडधाकट. त्याला मधुमेह नाही, त्याच्या पायाचा रक्तपुरवठा आटलेला नाही, त्याच्या जखमेत जंतूंनी महिनोन्‌महिने चिकट थर धरलेला नाही. अशा उंदराची जखम भरायला माझ्या क्रीमची गरजच नव्हती. समित्यांच्या सदस्यांना माझा थेट प्रश्न आहे: वेदना देऊन मिळवलेली माहिती वापरता येणार नसेल, तर परवानगी कशासाठी दिली?

दुसरी तक्रार तुलनेची. जॉर्ज विंटर यांनी १९६२ साली डुकरांवर दाखवून दिलं की उघड्यावर सुकू दिलेल्या जखमेपेक्षा ओलसर झाकलेल्या जखमेवर नवी त्वचा साधारण दुप्पट वेगानं चढते. आजच्या बहुतेक ड्रेसिंगचा पाया हाच आहे. मग कोणतंही क्रीम जखमेवर थापलं तर ती ओलसर राहणार आणि थोडी लवकर भरणार, त्यात पान असो वा नसो. म्हणून अर्काशिवायचा नुसता बेस लावलेला गट हवाच. माझ्या आराखड्यात तो होता. सहा उंदीर वाचवण्यासाठी तो कापला गेला. त्याच्यासोबत अडचणीचा निष्कर्षही कापला गेला असावा, हे मला फार उशिरा सुचलं. उरलेल्या गटांमध्ये 'प्रमाण औषध' म्हणून होतं पोव्हिडोन आयोडीन. ते जंतुनाशक आहे, जखम भरण्याचा वेग वाढवणारं औषध नव्हे. त्याच्या बरोबरीला आलो यात कसला पराक्रम? भाजलेल्या जखमांच्या अभ्यासात ज्याच्याशी तुलना होते, ते सिल्व्हर सल्फाडायझिनही नव्या ड्रेसिंगच्या मानानं मागे पडतं हे आता माहीत झालेलं आहे. शर्यतीसाठी लंगडा सोबती निवडायचा आणि जिंकल्याचा पेढा वाटायचा, असं चाललं आहे.

तिसरी: '५ टक्के अर्क' म्हणजे कशाचे ५ टक्के? पानातली द्रव्यं झाडाप्रमाणे, हंगामाप्रमाणे, वाळवण्याच्या रीतीप्रमाणे बदलतात. मी एकाच झाडाची पानं दोनदा आणली, तर दुसऱ्या खेपेचा अर्क रंगालाही वेगळा होता आणि वजनालाही. दोन्ही मिसळून टाकले. मंडूकपर्णीवर काम करायचं तर त्यातलं एशियाटिकोसाइड, मॅडेकॅसोसाइड, एशियाटिक आम्ल किती, हे अर्कात मोजावं लागेल, क्रीममध्ये मोजावं लागेल आणि सहा महिन्यांनी पुन्हा मोजावं लागेल. त्याआधी ती मंडूकपर्णीच आहे हे ठरवावं लागेल, कारण 'ब्राह्मी' या एका नावाखाली सेंटेला (म्हणजे मंडूकपर्णी) आणि बॅकोपा अशा दोन निरनिराळ्या वनस्पती सर्रास खपतात. ओळख पटवून नमुना हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, ठेवायला असा किती वेळ लागतो? तरीही कित्येक शोधनिबंधांत नमुन्याचा क्रमांक नसतो आणि संपादक तो मागत नाहीत.

जंतू वाढवलेल्या जेलीसारख्या थरावर (आगार प्लेटवर) औषधाभोवती जंतू न वाढलेलं जे वर्तुळ दिसतं, त्याबद्दल थोडक्यात. वर्तुळ मोठं म्हणजे औषध जोरदार, असं नसतं. द्रव्य आगारमधून किती भरभर पसरतं यावर वर्तुळाचा आकार ठरतो. अर्काचं वर्तुळ प्रतिजैविकाच्या वर्तुळाशेजारी मांडून मिलिमीटरमध्ये तुलना करणारा तक्ता परत पाठवायला हवा.

चौथी तक्रार उत्पादनाची आहे आणि इथे मला औषधनिर्माणवाल्यांचा राग येतो, कारण हे तरी आपलं घरचं काम होतं. आमचा बेस किंचित अल्कधर्मी होता. पानातली पॉलिफेनॉल द्रव्यं अशा माध्यमात हवेशी संयोग पावून तपकिरी होतात, हे पाठ्यपुस्तकातलं ज्ञान आहे. क्रीम फुटायला लागलं म्हणून मी तेल आणि पाणी एकत्र धरून ठेवणारं पॉलिसॉर्बेट ८० घातलं. ते पॅराबेनला स्वतःत बांधून ठेवतं आणि बुरशीशी लढायला पॅराबेन मोकळं उरत नाही. झाकणावरचा तो पांढरा ठिपका तिथूनच आला असणार. तोंडी परीक्षेत मला हे कुणी विचारलं नाही. विचारलं ते स्प्रेडॅबिलिटीचं सूत्र. वेगवर्धित स्थिरतेच्या चाचणीत ४० अंश सेल्सिअस आणि ७५ टक्के आर्द्रतेत सहा महिने नमुना ठेवतात, हे आम्ही लेखी परीक्षेत लिहितो आणि प्रबंधात ३० दिवस लिहितो.

आणि निर्जंतुकपणा? मोठ्या उघड्या जखमांवर लावायचं मलम निर्जंतुक असलं पाहिजे, असं युरोपीय औषधकोश सांगतो. पानांच्या अर्कात मातीतले जंतू आणि त्यांचे बीजाणू येतात. तयार क्रीम ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाच्या वाफेनं निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, घातलं तर ते फुटतं. म्हणजे अर्क गाळून निर्जंतुक करायचा, बेसचा तेलकट भाग वेगळा तापवायचा आणि दोन्ही निर्जंतुक जागेत एकत्र आणायचे. हे कष्टाचं काम आहे आणि खरं संशोधन इथेच आहे. एखाद्या विद्यार्थ्यानं दोन वर्षांत एवढंच नीट करून दाखवलं, तर मी त्याला उंदीर न वापरताही पदवी देईन.

शेवटची तक्रार एका गृहीतकाबद्दल. 'नैसर्गिक आहे, अपाय काय होणार?' १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शस्त्रक्रियेनंतर उघड्या राहिलेल्या जखमांवर कोरफडीचा गर असलेलं जेल वापरलं होतं. नेहमीच्या उपचारानं जखमा भरायला सरासरी ५३ दिवस लागले, कोरफडीच्या गटात ८३. अभ्यास लहान होता, त्यावरून कोरफडीला गुन्हेगार ठरवायचं नाही. पण पान जखम लांबवूही शकतं, हे लक्षात ठेवायचं. २०१२ च्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे झालेल्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या आढाव्यात, कोरफडीच्या जखमांवरील वापराच्या सात चाचण्या आणि ३४७ रुग्ण होते. ठाम काही सांगता येईल असा दर्जेदार पुरावा हाती लागला नाही. सगळ्यांना माहीत असलेल्या कोरफडीची ही कथा, तर आमच्या बिनओळखीच्या पानाची काय असेल?

या सगळ्यावर "हर्बलला असे निकष लावलेत तर काहीच उभं राहणार नाही" असं उत्तर मला एका परिषदेत मिळालं आहे. ते खरं नाही. हिरव्या चहाच्या पानांच्या अर्काचं मलम अमेरिकेत २००६ साली डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारं औषध म्हणून मंजूर झालं. ते चामखिळींसाठी आहे, जखमेसाठी नाही, पण त्यातली शिस्त बघा: अर्कातली ८५ ते ९५ टक्के द्रव्यं कॅटेचिन गटातली, त्यातही निम्म्याहून जास्त एकच ठरलेलं कॅटेचिन. आमच्या चिकट गोळ्यात काय काय होतं, ते देव जाणे.

याहून जवळचं उदाहरण तैवानचं. पानओवा आणि मंडूकपर्णी, दोन्ही आपल्या परिचयाच्या वनस्पती. त्यांच्या अर्कांच्या क्रीमची चाचणी मधुमेही पायाच्या जखमा असलेल्या २३६ रुग्णांवर झाली आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. १६ आठवड्यांत पूर्ण भरलेल्या जखमा क्रीमच्या गटात ६०.७ टक्के, शोषक ड्रेसिंगच्या गटात ३५.१ टक्के. मला त्यातही शंका आहेत. कोणता उपचार चाललाय हे रुग्णांपासून लपवलेलं नव्हतं आणि खर्च उत्पादक कंपनीचा होता. तरी ती शंका घेण्याजोगी चाचणी आहे. आमच्या प्रबंधांवर तेवढीही शंका घेता येत नाही. त्या लोकांनी दर वर्षी पान बदललं असतं, तर ते २३६ रुग्णांपर्यंत कधीच पोचले नसते.

दोष एकट्या गाईडचा नाही, हे मला कळतं. अभ्यासक्रम दोन वर्षांचा, त्यातलं हातात येतं एकच. अर्कातली द्रव्यं मोजणाऱ्या एचपीएलसीच्या यंत्रापुढे रांग. बढतीसाठी शोधनिबंधांची संख्या मोजली जाते आणि 'नवं पान' म्हटलं की नावीन्याचा रकाना आपोआप भरतो. विद्यार्थ्यालाही ते सोयीचं असतं, मलाही होतं. म्हणून माझ्या मागण्या या चौकटीत बसतील अशाच आहेत.

मार्गदर्शकांनी दरवर्षी नवं पान घेऊ नये. एक पान निवडावं आणि ते पुढच्या विद्यार्थ्याच्या हाती द्यावं. पहिल्यानं अर्क आणि त्यात मोजायचं ओळखीचं (मार्कर) द्रव्य पक्कं करावं, दुसऱ्यानं त्याच अर्काचं टिकणारं क्रीम करावं, तिसऱ्यानं निर्जंतुकपणा आणि परिरक्षकाचा प्रश्न सोडवावा. उंदराची पाळी त्यानंतर.

नैतिक समित्यांनी नुसत्या बेसचा गट नसलेला आणि आकुंचन न रोखणारा आराखडा मंजूर करू नये. त्या वनस्पतीवर आधी झालेले प्राणिप्रयोग अर्जात मांडायला लावावेत आणि 'मग आणखी एक कशासाठी?' हे लेखी विचारावं.

परीक्षकांनी बरणी मागावी. प्रबंधासोबत सहा महिने जुना नमुना टेबलावर ठेवायला लावावा आणि झाकण स्वतः उघडावं.

संपादकांनी प्राणिप्रयोगांची माहिती कशी द्यावी हे सांगणारे, २०१० पासून उपलब्ध असलेले अराइव्ह निकष आणि माणसांवरच्या चाचण्यांच्या अहवालासाठीच्या कॉन्सॉर्ट निकषांचा २००६ चा वनौषधींसाठीचा विस्तार नुसता संकेतस्थळावर टांगून न ठेवता लागू करावा. 'नुसत्या बेसपेक्षा अर्कानं काहीही फरक पडला नाही' असा निबंध आला तर तो छापावा. तो छापला असता तर माझे २४ उंदीर वाचले असते. अर्कातलं एकही द्रव्य मोजलेलं नसेल, तर निष्कर्षातला 'आश्वासक' हा शब्द खोडावा.

त्या विद्यार्थिनीला मी फॉर्म्युला पाठवला आहे. तिचा हक्कच आहे, तो विभागाचा आहे, माझा नाही. सोबत चौथ्या महिन्यातल्या बरणीचा फोटो आणि दुसऱ्या खेपेच्या अर्काचं खरं वजन पाठवलं, जे प्रबंधात नाही. तिनं रात्री उशिरा विचारलं, "ताई, मग मी तुमचंच पान घेऊन ही बरणी का फुटली एवढंच शोधलं, तर सर मान्य करतील?"

सर, तुम्हाला ती सोमवारी भेटायला येणार आहे.

आपली,
एक माजी विद्यार्थिनी, सध्या रुग्णालयात औषधनिर्माता